सामाईक भिंत

॥ श्री बिरोबा समर्थ ॥

निरगुडसर, कार्तिक वद्य ६, शके १८२६ (सन १९०४)

सौ. गजरावहिनीस,

सरूचा नमस्कार. गेणभाऊ लोकर घेऊन जुन्नरच्या बाजाराला निघाला आहे. त्याच्याजवळ हे पत्र आणि मडक्यात थोडं तूप देते. तूप आईच्या ताटात वाढ. आईच्या, सगळ्यांच्या नव्हे. मडकं रिकामं झालं की परत पाठव. ते चांगलं भाजलेलं आहे.

आपल्या साटंलोट्याला या तुळशीच्या लग्नाला बारा वर्षं झाली. एकाच मांडवातून तू माझ्या भावाच्या घरी गेलीस, मी तुझ्या भावाच्या घरी आले. तू मला वहिनी म्हणतेस, मी तुला वहिनी म्हणते, आणि इथल्या बायका अजून हसतात. म्हणतात, दोघींनी एकमेकींची आई बदलून घेतली. तुझी आई मला तीन वर्षंच लाभली. माझी तुला अजून आहे. तेव्हा या सौद्यात फायदा तुझाच.

मला इथं मोकळं लागतं. मोकळं म्हणजे बरं, असं तुम्हा पेठेतल्यांना वाटतं. इथं हाक मारली तर ती मेंढ्यांवर आपटून परत येते. आपल्या गल्लीत मी झोपेत कूस बदलली तर भिंतीपलीकडून जैबूभाभी विचारायची, "सरू, पोट दुखतंय काय?" त्या भिंतीतलं भोक अजून आहे ना? तिकडून विस्तव, इकडून विस्तव. आमच्या दोन्ही घरांनी मिळून एका काडीत दोन चुली पेटवल्या असतील.

आपल्या गल्लीच्या अरुंद कोपऱ्यावर तिरडी वळत नाही, म्हणून मेलेलं माणूस बांधून उभं करतात आणि मग पुढं नेतात. बाबांना तसं उभं केलं तेव्हा आई म्हणाली होती, "जितेपणी कवा ताठ हुबं ऱ्हाइलं न्हाईत. आता बगा." सगळी गल्ली रडता रडता हसली होती. इथं माणूस मेलं तर हसायलासुद्धा चार घरं गोळा करावी लागतात.

आईच्या गुडघ्याला एरंडेल चोळतेस ना? तू तिला जपतेस म्हणून मी तुझ्या दादांना ताजी भाकरी घालते. हे चेष्टेनं लिहिलं. थोडं खरं मानलंस तरी चालेल.

तुझी वहिनी,
सरू

---

जुन्नर, मार्गशीर्ष शुद्ध ३

सौ. सरूवहिनीस,

गजराचा नमस्कार. तूप मिळालं, आत्याबाईंना वाढते आहे. मडकं गेणभाऊजवळ परत पाठवलं.

तुला गल्ली आठवते ती गोड लागते, कारण तू तिच्यातून निघालीस. मी तिच्यात बारा वर्षं श्वास घेते. तुझे दादा आणि मी नवरा-बायको असून खुणांनी बोलतो. तोंडानं बोललं तर सकाळी आडावर बायका उत्तरं देतात. माझं मागचं बाळ पोटातच गेलं, ते मला कळायच्या आधी तीन घरांना कळलं होतं. जैबूभाभीचे गफूरभाई कागद बनवतात; त्यांच्या बाजूला ऊन येत नाही, म्हणून ओले कागद आमच्या भिंतीवर चिकटवलेले असतात. दिवसभर ते पायानं कागदाचा लगदा तुडवतात, त्याची धपधप माझ्या चुलीपर्यंत येते. ती थांबली की मीच दचकते. इथं आपलं असं काही नसतं, वहिनी. दुखणंसुद्धा सामाईक.

आता खरं लिहिते. पलीकडच्या आळीत उंदीर पडू लागले. माणसांच्या जांघेत गाठी येऊ लागल्या. आणि परवा उंदीर गफूरभाईंच्या घरात पडला. प्लेगवाले आले. त्यांनी कौलं उतरवली, कागदाचे गठ्ठे रस्त्यात जाळले, आणि गफूरभाई, जैबूभाभी, त्यांची सितारा, तिघांना छावणीत नेलं. जैबूभाभी ओरडत होती, "आमच्यात न्हवता, आमच्यात न्हवता." पण ज्याच्या घरात सापडला त्याचं नशीब, त्याला कोण काय करणार. आमच्या घरात देवाच्या दयेनं काही नाही.

गल्ली रिकामी करा म्हणून दवंडी फिरली आहे. लोक शिवनेरीच्या बाजूच्या माळावर झोपड्या बांधताहेत. आम्हीही जाऊ. पण भागू नऊ वर्षांची आहे, आणि माळावर झोपड्यासुद्धा गल्लीसारख्याच एकमेकींना चिकटवून घातल्या आहेत. मला दुसरं मूल नाही, आता होणारही नाही. तिला तुझ्याकडे पाठवू दे. तुझ्या घराभोवती मोकळं आहे, ते तिच्या श्वासाला मिळू दे.

उत्तराची वाट बघते.

गजरा

---

निरगुडसर, मार्गशीर्ष शुद्ध ८

सौ. गजरावहिनीस,

तुझं पत्र कुशाबानं शिवेवरच घेतलं, लिंबाच्या पाल्याच्या धुरावर धरलं आणि मग मला दिलं. अक्षरं पिवळी झाली आहेत पण लागतात.

आमच्या पंचांनी ठराव केला आहे की जुन्नरचं माणूस गावात घ्यायचं नाही. कुशाबा काठी घेऊन शिवेवर बसतो. परवा त्याच्या सख्ख्या मेहुण्याला त्यानं परत लावलं. मेहुणा म्हणाला, "पावनं, वळख न्हाई का?" कुशाबा म्हणाला, "लई वळख हाय. म्हून तर लांबून बोलतुया."

पण भागू माझ्या भावाची लेक आहे आणि तुझ्या भावाची भाची. तिला मी नाही म्हटलं तर बिरोबाला तोंड कसं दाखवू. गेणभाऊ मेंढ्यांबरोबर ओढ्याच्या वाटेनं येतो, त्या कळपातून तिला आणू दे. कुशाबाला मी सांभाळीन.

फक्त एक. आईलाही पाठव. भागू आणि आई, दोघी. तिचे गुडघे मला ठाऊक आहेत. गेणभाऊकडे घोडं आहे, त्याच्यावर बसव. तुझी लेक माझ्याकडे आणि माझी आई तिथं उंदरांत, असं बरं दिसेल का? मी काही मागत नाही, न्यायाचं बोलते.

आज एकादशी नाही तरी उपास धरला आहे.

सरू

---

जुन्नर, मार्गशीर्ष शुद्ध १२

सौ. सरूवहिनीस,

भागूला गेणभाऊबरोबर पाठवते. तिच्या दोन चोळ्या, एक परकर आणि छोटी घोंगडी आहे. सगळं उकळून वाळवलं आहे.

आत्याबाई येत नाहीत. घोडं दारात उभं केलं होतं. त्या म्हणाल्या, "लेकीच्या घरचं पानी प्यायला म्या काय उघडी पडले काय? लेकाच्या दारातनंच जाईन." गेणभाऊनं पुष्कळ समजावलं, त्याला विचार. माझा काही दोष नाही.

भागूला रात्री थोपटावं लागतं. गल्लीत झोपायची सवय आहे, एकदम शांत झालं की घाबरते. आणि ती फार बोलते; सितारा गेल्यापासून तर जास्तच. पोरं ऐकीव गोष्टी जोडून सांगतात. तिचं सगळंच मनावर घेऊ नकोस.

तिला जप, वहिनी. तुझ्या पायावर डोकं ठेवून लिहिते.

गजरा

---

निरगुडसर, मार्गशीर्ष वद्य २

सौ. गजरावहिनीस,

भागू पोचली. बोलते हे खरं. मी तिला भाकरी-दूध वाढलं, तेव्हा इकडचं तिकडचं सांगता सांगता म्हणाली, "मामी, उंदीर आमच्याच घरात पडला व्हता. आजीनं चिमट्यानं उचलला आन् भिंतीच्या भोकातनं सिताराच्या घरात ढकलला. मी दिवा धरला व्हता." आणि पुन्हा भाकरी खाऊ लागली.

मी तिचं ताट तसंच तिच्यापुढं सरकवलं आणि लांब झाले. आता ती मळ्यातल्या मेंढवाड्यात आहे. कुडाची झोपडी आहे, वर गवत आहे. भाकरी लांब काठीनं सरकवतात. हे मी मनानं नाही केलं. माझ्या घरातही लेकरं आहेत. तू मला लिहिलंस, आमच्या घरात काही नाही.

आणि माझ्या आईच्या नावावर हे घालायला तुझी जीभ धजली कशी? नऊ वर्षांच्या पोरीला पढवून पाठवलंस. माझी आई मुंगी चिरडली तर साखर टाकते. जैबूभाभीनं तिच्या पायाला लेप लावले आहेत, तिच्या चुलीत ती उंदीर टाकील? चिमटा तुझ्या हातात होता, गजरावहिनी. मला न पाहता दिसतं.

आई तिथं कशी आहे ते लिही. झोपडीत आहे की गल्लीत? तू तिला जिथं ठेवशील तिथं मी भागूला ठेवीन. साटंलोटं मी केलं नाही, आपल्या बापांनी केलं. मी फक्त पाळते.

सरू

---

जुन्नरचा माळ, मार्गशीर्ष वद्य ७

सौ. सरूवहिनीस,

तुझं पत्र वाचून मी झोपडीबाहेर जाऊन बसले. थंडीनं इथं मोठ्या माणसांचे दात वाजतात, आणि माझी लेक कुडात.

उंदराबद्दल आता काही लिहीत नाही. कुणाचा हात होता ते देव जाणतो. भागूला मात्र काही झालेलं नाही. इतके दिवस झाले, तिला काही व्हायचं असतं तर झालं असतं.

आत्याबाई आमच्याबरोबर झोपडीत आहेत. मधल्या बाजूला, वारा लागत नाही अशी जागा त्यांना दिली आहे. खाली दोन घोंगड्या, वर दोन. सकाळी उन्हात बसतात. बाजरीची भाकरी दुधात कुस्करून देते. शेजारच्या झोपडीतल्या बायका त्यांच्याभोवती जमतात आणि त्या तुझ्या बाबांच्या गोष्टी सांगतात. तुला आशीर्वाद सांगितला आहे. म्हणाल्या, "सरूला सांग, पोरीला घरात घे."

घरात घे, वहिनी.

गजरा

---

निरगुडसर, पौष शुद्ध १

सौ. गजरावहिनीस,

आईला झोपडीत नेलंस हे वाचून बरं वाटलं. मीही भागूला मेंढवाड्यातून काढून ओसरीवर आणलं आहे. जोंधळ्याचं पोतं आडवं लावलं आहे, वारा लागत नाही. पोर धट्टीकट्टी आहे. तिला थोपटावं लागत नाही. मेंढ्यांच्या उबेत झोपायची सवय लागली आहे. दिवसा कुशाबाजवळ शिवेवर जाऊन बसते. त्यानं तिला लहान काठी करून दिली आहे. कुणी आलं की त्याच्याआधी तीच ओरडते, "कुठलं? कुठलं गाव?" सगळे हसतात.

आईच्या तोंडचा एक शब्द मला हवा आहे, म्हणजे जीव निवेल. तिला विचार: लहानपणी मी रागारागानं आडात काय टाकलं होतं? ते तिला आणि मला सोडून कुणाला ठाऊक नाही. दादालाही नाही. तिनं मला त्यासाठी मारलं, आणि मग जवळ घेऊन शपथ घातली की जन्मभर बोलायचं नाही. आता बोललं तरी चालेल म्हणावं. मला तिचं उत्तर कळव.

गेणभाऊ परत येईल त्याच्याजवळ दे.

सरू

---

जुन्नरचा माळ, पौष शुद्ध ९

सौ. सरूवहिनीस,

तुझा प्रश्न आत्याबाईंना विचारला. खूप हसल्या. म्हणाल्या, "पितळंचा तांब्या. लई रडली व्हती सरू." मग म्हणाल्या, आता तिलाच सांग, तांब्याचं काय एवढं, देवानं पुष्कळ तांबे दिले.

झालं ना समाधान? संक्रांतीला तिळगूळ करू शकत नाही; तीळ मिळतात पण गूळ महाग. तरी थोडा पाठवते, तुझ्या आईच्या नावानं. भागूला घाल. इथलं जरा निवळू लागलं आहे. फाल्गुनात घरी जाऊ म्हणतात. तेव्हा तिला घेऊन जायला मी येईन.

गजरा

---

निरगुडसर, पौष वद्य ४

गजराबाईस,

तांब्या नव्हता.

देव्हाऱ्यातला बिरोबाचा चांदीचा टाक होता. मला जत्रेला नेलं नाही म्हणून मी तो आडात टाकला. आईनं बाबांना न सांगता दुसरा घडवून आणला आणि रोज त्याच्यापुढं नाक घासलं. माझी आई तो टाक तांब्या म्हणून सांगेल? मरणाच्या दारातही नाही.

मग मी गेणभाऊला समोर बसवलं. तो तुझा दूरचा भाऊ लागतो, म्हणून आधी बोलेना. मी त्याला देवाची शपथ घातली. तेव्हा म्हणाला, "झोपडीत म्हातारी न्हवतीच, सरूबाय. घोंगड्यांचं गठ्ठं व्हतं. म्हातारीला गल्लीतच ठिवली, घर राखाया. भाईरनं कुलूप घातलं व्हतं, प्लेगवाल्यास्नी रिकामं वाटावं म्हून."

दोन घोंगड्या खाली, दोन वर, असं तू लिहिलंस. घोंगड्या खऱ्या होत्या.

ती तिथंच गेली एवढं त्यानं सांगितलं, कधी ते त्याला ठाऊक नाही. तुला ठाऊक आहे. मला तिथी लिही. सुतक कधी धरायचं ते तरी कळू दे.

भागूला मी जवळ बसवून सगळं सांगितलं. खोटं एकही वाक्य बोलले नाही. तिनं ऐकून घेतलं, विचारलं, "आजीला अंधारात दिवा व्हता का?" मी म्हटलं, मला ठाऊक नाही, तुझ्या आईला विचार.

सरू

---

जुन्नरचा माळ, पौष वद्य १०

वहिनी,

मार्गशीर्ष वद्य ५.

झोपडी एवढीशी आणि घोंगड्यांच्या दुकानाचा सगळा माल. रिकाम्या गल्लीत चोर कौलं काढून उतरत होते. तुझे दादा म्हणाले, माल बाहेर राहिला तर पुढच्या वर्षी खायचं काय. गठ्ठे आत लावले आणि पाठ टेकायला जागा उरली नाही. आत्याबाई म्हणाल्या, "म्या ऱ्हाते. घर राखते. माज्यानं चालवत बी न्हाई." मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. हे तुला लिहिते, तुझ्या दादांनाही सांगितलेलं नाही.

एक दिवसाआड मागच्या झरोक्यातून भाकरी आणि पाण्याची लोटी आत सोडत होते. प्लेगवाल्यांच्या भीतीनं हाक मारत नव्हते, त्याही मारत नव्हत्या. झरोक्यावर दोनदा बोट वाजवायचं, आतून दोनदा उत्तर. त्या दिवशी उत्तर आलं नाही, आणि आधीची भाकरी खाली तशीच पडलेली दिसली. गाठ नव्हती, वहिनी. प्लेग नव्हता. थंडी होती.

तुला लिहिलं असतं तर भागूचं काय झालं असतं ते तूच आधीच्या पत्रात लिहिलं होतंस. म्हणून मी त्यांना जिवंत ठेवलं. दोन पत्रं ठेवलं.

कोपऱ्यावर त्यांना उभं करायलासुद्धा चार माणसं गल्लीत नव्हती. गाडीवाल्यानं पाठुंगळी घेतलं.

आता तुला जे करायचं ते मला कर. मी भागूला न्यायला येते. माघी पौर्णिमेपर्यंत पोचेन. उकळलेले कपडे घालून येईन, अंगणात पाय ठेवणार नाही. लांबून तिला पाठव.

गजरा

---

निरगुडसर, माघ वद्य १

गजराबाईस,

तू काल आलीस आणि गेलीस. तू वळून चालत गेलीस तेव्हा मी बाभळीखाली होते, तुला दिसले नसेन. तुझ्या मनात राहू नये म्हणून लिहिते: मी भागूला काही शिकवलं नव्हतं. तू येणार हेही सांगितलं नव्हतं.

कुशाबानं तुला ओळखलं. तो उठलाच नाही. हळूच म्हणाला, "भागे, तुजी आय हाय. जा." एवढं त्यानं आजवर कुणालाही सोडलं नाही, स्वतःच्या मेहुण्याला नाही. तू हात पुढं केलेस.

पोरीनं काठी आडवी धरली.

"कुठलं गाव?" तिनं विचारलं. तू तिचं नाव घेतलंस. तिनं पुन्हा विचारलं, "कुठलं गाव?" तू रडत म्हणालीस, "जुन्नर." तेव्हा ती जसं रोज म्हणते तसं म्हणाली, "जुन्नरचं मानूस आत न्हाई. भाईर धा दिस कुडात ऱ्हायाचं. काठीनं भाकर देऊ." आणि तू एक पाऊल पुढं टाकलंस तेव्हा तिनं ढेकूळ उचललं. मारलं नाही. उचललं.

कुशाबासुद्धा खाली बघत होता.

संध्याकाळी मी तिला विचारलं, जायचं होतं का आईबरोबर? म्हणाली, "मामी, तिथं लई गर्दी हाय. तिथं मानूस कुठं ठिवलं त्ये ध्यानात ऱ्हात न्हाई." मग मेंढ्या मोजायला गेली. तिला सगळ्या मेंढ्या तोंडानं ओळखता येतात.

ती इथंच राहील. वैशाखात माझ्या दिराच्या मुलासाठी बोलणं काढणार आहे. तुझ्या दादांनी होकार दिला आहे. आपल्या बापांनी दोन मुली दिल्या-घेतल्या. तुझ्याकडची माझी गेली, माझ्याकडे तुझी राहिली. बिरोबाच्या पायाशी नारळ फोडला.

मडकं एकदा परत आलं होतं; पौषात आईसाठी पुन्हा तूप भरून पाठवलं, ते तुझ्याकडेच राहिलं आहे. ते राहू दे.

सरू

---

जुन्नर, चैत्र शुद्ध ५, शके १८२७

सरू,

गल्ली पुन्हा भरली. भिंतींना चुना लावला, कौलं चढली. आडावर बायका पहिल्यासारख्या भांडतात. आमच्या घरात आम्ही दोघंच. आता तोंडानं बोलता येईल, पण बोलण्यासारखं काही नाही.

गफूरभाई आणि जैबूभाभी छावणीतून परत आले. तेही दोघंच. भिंतीतलं भोक त्यांनी आल्या दिवशी कागदाच्या लगद्यानं बुजवलं. लगदा वाळून दगड झाला आहे. गफूरभाई कागद आता आमच्या भिंतीवर लावत नाहीत. आमची भिंत मोकळी आहे.

तू लिहिलंस, तांब्या नव्हता. ते उत्तर आत्याबाईंचं नव्हतं हे तुला कळलंच. कुणाचं होतं ते लिहिते. तुझा प्रश्न आला तेव्हा त्यांना जाऊन दिवस झाले होते. तू लिहिलंस, ते तुम्हा दोघींशिवाय कुणालाच ठाऊक नाही. तू या गल्लीत वाढलीस आणि हे कसं विसरलीस? इथं आईनं लेकीला मारलं तर पलीकडची मार मोजते. म्हणून मी छावणीत गेले. तारेपलीकडे जैबूभाभी बसली होती. सिताराला आदल्या दिवशी पुरलं होतं. मी तिला तिचं दुःख विचारलं नाही, माझंच विचारलं. सरूनं आडात काय टाकलं होतं? तिनं जराही न थांबता सांगितलं, "पितळंचा तांब्या. लई रडली व्हती सरू." मी तिला दुवा दिला.

काल चूल विझली. विस्तव मागायला आता दारातून जावं लागतं. गेले. भाभी खापरीत निखारे भरू लागली. मी विचारलं, "भाभी, तांब्या न्हवता म्हनं."

"न्हवताच. टाक व्हता तुमच्या देवाचा," ती म्हणाली. "तुमच्या सासूनं पोरीला मारलं, समजावलं, शपत घातली. समदं हितं ऐकलंय मी."

"मंग मला खोटं का सांगितलं?"

ती निखारे फुंकत होती. "सासूनं उंदीर सरकवला तवा चिमटा वाजला व्हता. तुमी म्हनलात, 'बेतानं, आवाज नगं.' त्येबी ऐकलंय." मग खापरी माझ्या हातात दिली. "साटंलोटं काय तुमच्यातच असतंय व्हय, गजराबाई? न्या लवकर, इझंल."

निखारे चांगले होते. चूल एका फुंकरीत पेटली.

गजरा